साडेएकसष्ट इंचांची टेप

चौथीच्या पुस्तकातल्या दुकानदाराने चौऱ्याऐंशी किलो साखर सहा पोत्यांत सारखी भरली होती. प्रत्येक पोत्यात किती साखर बसली, एवढंच पुस्तकाला हवं होतं. पण वाचणाऱ्या मुलीच्या शेजारी वजनमापे निरीक्षक बसले होते, आणि ते तिचे वडील होते.

"चौदा," लेकीचं वाचून संपायच्या आत निरीक्षक म्हणाले. "पण ते राहू दे. पोती रिकामी असताना त्यांचं वजन केलं होतं का?"

"पुस्तकात नाही दिलं, बाबा."

"नाहीच देणार. लबाडी तिथेच असते. काटा शेवटचा कधी तपासला होता?"

"बाबा, पुढचं उदाहरण घेऊ?"

"थांब गं. हा माणूस एवढी साखर आणतो कशाला, ते तर कळू दे."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, परीक्षा तिची आहे. त्या दुकानदाराला सोडा आता. बायकापोरं असतील बिचाऱ्याला!"

निरीक्षकांचा नाइलाज होता. वीस वर्षं दुकानांचे काटे आणि लिटरची मापं तपासून त्यांच्या डोळ्यांना एक सवय लागली होती. उत्तर त्यांना उदाहरण वाचतानाच दिसे, आणि उत्तर दिसलं की ते तोंडातून निसटे. मग उरलेला अर्धा तास ते उदाहरणातल्या गवळ्याची, किराणावाल्याची नाहीतर पेट्रोल पंपवाल्याची चौकशी करत. एका संध्याकाळी तीन शाब्दिक उदाहरणं झाली तर खूप झाली. लेक जांभई दाबून वहीत उत्तरं उतरवून घेई आणि निरीक्षकांना वाटे, आपल्यासारखा शिकवणारा बाप लाखात एखादा.

चाचणीत लेकीला पंचविसांपैकी बारा मिळाले. निरीक्षकांनी शाळेच्या छापील पेपरात चूक आहे का ते दोनदा पाहिलं.

त्यानंतरच्या सोमवारी ते ऑफिसातून आले, हातपाय धुतले, टेबलाशी बसले आणि पेन्सिलीला टोक काढलं. समोरची खुर्ची रिकामी.

"ती कुठाय?"

"समोर गेलीय. टेलरमास्तरांकडे," बायको म्हणाली.

"फ्रॉक शिवायचाय का?"

"नाही. गणितं करायला."

निरीक्षकांच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. टेलरमास्तरांचं दुकान रस्त्यापलीकडे होतं, अगदी त्यांच्या गॅलरीसमोर. एक मशीन, एक कापायचं टेबल आणि दारात एक स्टूल. मास्तर सातवी नापास होते आणि ही गोष्ट ते स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगत. मुळात या माणसाला गल्लीभर मास्तर का म्हणतात, हाच प्रश्न निरीक्षकांना आजवर कधी पडला नव्हता. आता पडला, आणि चांगलाच टोचला.

"माझ्याकडे काय कमी होतं?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? तिला विचारा."

लेकीला त्यांनी विचारलं नाही. तेवढा स्वाभिमान त्यांना होता. त्याऐवजी दुसऱ्या दिवसापासून कपडे वाळत घालायचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यामुळे बायकोने आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि मग बादली दिली. निरीक्षक गॅलरीत उभे राहून एकेक रुमाल पाच पाच मिनिटं झटकत. समोरच्या दुकानात दिवा लागलेला असे. आवाज इतक्या लांब येत नसे, पण दिसायचं सगळं. लेक टेबलावर खडूने रेघा ओढतेय. मास्तर डोकं खाजवतायत. मास्तर काहीतरी बोलतात, लेक कपाळावर हात मारते, पुन्हा रेघा. मग एकदम दोघंही खळखळून हसतात. आपल्याबरोबर गणित करताना ही पोरगी कधी हसली होती, ते त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना.

"अहो, तो रुमाल फाटेल," मागून बायको म्हणाली.

"खडू वापरतो तो," निरीक्षक म्हणाले. "खडूचं आकर्षण असतं मुलांना. बाकी काही नाही."

त्यांनी खडूची पेटी आणली. जेवायच्या टेबलावर त्यांनी रेघा ओढल्या, डोकंही खाजवून पाहिलं. लेकीने पाच मिनिटं सभ्यपणे ऐकलं. साहजिकच उत्तर निरीक्षकांच्या तोंडून तिसऱ्या मिनिटालाच निसटलं होतं. "बाबा, मी जाऊ?" ती म्हणाली आणि वही घेऊन जिना उतरली. टेबल मात्र बायकोने त्यांच्याकडून पुसून घेतलं.

पुढच्या चाचणीत लेकीला बावीस मिळाले.

कुठल्याही बापाला आनंद व्हावा अशी ही बातमी. निरीक्षकांनाही झाला. पण तो फार टिकला नाही, कारण लेक दारातूनच ओरडली होती, "आई, बावीस! मी टेलरकाकांना सांगून आले आत्ताच!" म्हणजे बावीस आधी रस्त्यापलीकडे पोचले आणि मग घरी आले. रात्री आरशासमोर उभं राहून ते स्वतःशीच म्हणाले, "सातवी नापास!" आणि दिवा बंद केला.

मंगळवारी त्यांनी आपल्या शर्टाचं चांगलं घट्ट असलेलं बटण स्वतःच्या हाताने कापलं आणि ते लावून घ्यायला समोर गेले.

ते दारात दिसताच दुकानातलं हसणं थांबलं. लेकीने वहीवर तळहात ठेवला. मुलीने आपल्यापासून वही झाकावी! निरीक्षकांना हे फार लागलं.

"या साहेब, या!" मास्तर उठून उभे राहिले. "बसा. बटण ना? दोन मिनिटांचं काम."

"चालू द्या तुमचं. काय शिकवताय आज?"

मास्तर गडबडले. त्यांनी लेकीकडे पाहिलं. "मी? छे, मी कुठला शिकवतोय साहेब…"

विनयसुद्धा आहे, निरीक्षकांनी मनात नोंद केली आणि त्यांचा जळफळाट आणखी वाढला. माणसात एखादा तरी दोष असावा की नाही? ते दुकानभर नजर फिरवू लागले. कात्री उत्तम. इस्त्री स्वच्छ. मग मास्तरांच्या गळ्यात लोंबणाऱ्या टेपवर त्यांची नजर गेली आणि थांबली.

टेप कापडी होती, जुनी, हाताळून हाताळून मऊ पडलेली. वीस वर्षांच्या सरावाला काही गोष्टी लांबूनच दिसतात. तिच्यावरच्या रेघा एकमेकींपासून जरा जास्तच सुखाने, सैलावून बसल्या होत्या.

"मास्तर, टेप किती जुनी?"

"बावीस वर्षं, साहेब. माझ्या उस्तादांनी दिलेली. हिच्यावरच हात बसलाय माझा."

निरीक्षक बटण न लावताच घरी गेले आणि पाच मिनिटांत स्टीलची प्रमाणित पट्टी घेऊन परत आले. टेप टेबलावर अंथरली, पट्टी लावली, चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं. टेपवर साठ इंच लिहिलेलं होतं. पट्टीवर ते साडेएकसष्ट भरत होतं.

"दीड इंच!" निरीक्षक म्हणाले. इतका आनंद त्यांना बढतीच्या वेळीही झाला नव्हता. "दीड इंच जास्त, मास्तर! हे खोटं माप आहे!"

"असेल साहेब. ताणली गेली असेल."

"व्यवहारात खोटं माप वापरणं हा गुन्हा आहे. जप्त करावं लागेल."

"बाबा!" लेक स्टुलावरून उठली. "ती काकांची टेप आहे!"

"कायद्याला काका नसतो," निरीक्षक म्हणाले. मग लेकीचा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "मी माझ्या खिशातून त्यांना नवी आणून देतो. शिक्क्याची. अगदी खरी. मग तर झालं?"

पंचनाम्याला दोन साक्षीदार हवे होते. बायकोने गॅलरीतूनच सांगितलं, "मी असल्या कागदावर सही करणार नाही. आणि तुमचं बटण आधी लावून घ्या, पोट दिसतंय." शेवटी तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी सही केली, कारण निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे सही मागायला कोणी आलंच नव्हतं. त्यांनी दुसऱ्या साक्षीदाराच्या जागीही करून देण्याची तयारी दाखवली. त्या जागेवर इस्त्रीवाल्याची सही घेतली. जुनी टेप पाकिटात गेली, पाकिटावर लाख पडली, आणि मास्तरांच्या गळ्यात पिवळीधमक नवी टेप आली. ती त्यांनी दोन बोटांनी उचलून पाहिली. "छान आहे साहेब," ते म्हणाले, पण डोळे पाकिटावर होते.

"बघ," जिना चढताना निरीक्षक लेकीला म्हणाले, "ज्याची टेपच खोटी, त्याची गणितं खरी कशी असतील?"

लेक दोन पायऱ्या एकदम चढून पुढे गेली. ती नंतरचे चार दिवस काहीच बोलली नाही. समोरही जाईना, कारण आधीच मापं घेऊन ठेवलेले बँडवाल्यांचे नऊ कोट मास्तरांना आता शिवायचे होते आणि ते कामात बुडाले होते. ती मुकाट्याने वडिलांसमोर बसे, उदाहरण वाचे, निरीक्षकांचं उत्तर ऐके आणि उतरवून घेई. निरीक्षकांना हवं होतं ते मिळालं होतं. मुलगी समोरच्या खुर्चीत होती. फक्त ती तिथे असून नसल्यासारखी होती, आणि हे कुठल्या मापाने मोजायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी सकाळी पोस्टमास्तरांची नवी पँट आली. ती त्यांच्या कमरेपाशी येऊन थांबली आणि बटण काजापासून चांगलं इंचभर लांब राहिलं. ते तसेच, वरून टॉवेल गुंडाळून, मास्तरांच्या दुकानात गेले. तिथे आधीच दोघं उभे होते. एकाचा शर्ट काखेत काचत होता. दुसऱ्याला सफारीत बसता येत नव्हतं, म्हणून तो उभाच होता.

आणि मग बँडवाले आले. नऊच्या नऊ, नवे लाल कोट घालून, हात शरीरापासून जरा लांब धरून. रविवारी दुपारी त्यांना एका समारंभात वाजवायचं होतं. कोट अंगाला चापून बसले पाहिजेत असं त्यांनीच सांगितलं होतं, पण एवढे नव्हे.

"मास्तर, आता बघा," ट्रम्पेटवाला म्हणाला. त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं, छाती भरून श्वास घेतला, आणि वरचं बटण तुटून ढोलावर टणकन आपटलं. त्या दिवशी बँडने काढलेला सूर म्हणायचा तर तेवढा एकच.

"श्वास घ्यायचा की कोट घालायचा, एक काय ते सांगा," ट्रम्पेटवाला म्हणाला.

मास्तर स्टुलावर बसले. "हात गेला माझा," ते हळूच म्हणाले. "बावीस वर्षांत एक कपडा परत आला नव्हता. हात गेला."

तासाभरात ही बातमी गल्लीभर झाली. मास्तरांची टेप खोटी होती, निरीक्षकसाहेबांनी पकडली, म्हणून कपडे घट्ट होतायत, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मग काय विचारता! ज्यांची म्हणून पोटं गेल्या दहा वर्षांत सुटली होती ते सगळे जुन्या पँटी घेऊन रांगेत उभे राहिले. आरशाला जे सांगायचं धैर्य झालं नव्हतं, ते खापर आता टेपवर फोडता येत होतं. इस्त्रीवाल्याने तर लग्नातला कोट आणला.

कोणीतरी निरीक्षकांना बोलावलं. ते आले, पायरीवर उभे राहिले, आणि त्यांनी समजावून सांगितलं, "मंडळी, टेप दीड इंच लांब होती. मापच चुकीचं, तर कपडा बरोबर कसा होणार? कायदा उगाच नसतो."

"बरोबर आहे," पोस्टमास्तर टॉवेल सावरत म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी मान खाली घातली. निरीक्षकांनी लेकीकडे पाहिलं. आता तरी हिला कळेल, कोण खरा आणि कोण खोटा.

लेक भुवया आकसून उभी होती. चार दिवसांनी पहिल्यांदा तिने तोंड उघडलं.

"पण बाबा, टेप लांब होती तेव्हा तर कपडे नीट बसायचे. तुम्ही खरी टेप दिलीत, त्यानंतर बिघडले."

निरीक्षकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर आलं नाही. त्यांनी ते पुन्हा उघडलं. "हे बघ, टेप लांब, म्हणजे माप जास्त… म्हणजे कपडा सैल… नाही, आखूड…" ते थांबले. वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उदाहरण समोर उभं होतं आणि त्याच्या शेवटी काही लिहिलेलंच दिसत नव्हतं.

"तुम्हाला नाही कळलं?" लेकीने विचारलं. तिच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. उलट कसलीशी आशा होती.

निरीक्षकांनी गर्दीकडे पाहिलं, ट्रम्पेटवाल्याकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले.

"बसा मग. मी सांगते."

ते स्टुलावर बसले. लेकीने खडू घेतला आणि कापायच्या टेबलावर लिहायला लागली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचूही लागली, "एका शिंप्याची साठ इंचांची टेप ताणून साडेएकसष्ट इंच झाली. त्या टेपने ट्रम्पेटवाल्याची छाती चाळीस भरली. तर खरी छाती किती?"

"टेप ताणली कधी हे—"

"बाबा, जे दिलंय तेवढंच घ्यायचं. साठाला किती वाढ?"

"दीड इंच."

"मग विसाला?"

"अर्धा."

"चाळिसाला?"

"एक." निरीक्षक शाळकरी आवाजात म्हणाले.

"म्हणजे खरी छाती एक्केचाळीस. काकांनी वहीत काय लिहिलं? चाळीस. मग कापताना त्यांच्या गळ्यात कोणती टेप होती?"

निरीक्षक मास्तरांच्या गळ्याकडे पाहू लागले.

"बाबा, कोणती?"

"मी दिलेली."

"तिने चाळीस म्हणजे खरे चाळीस. मग कोट किती कमी झाला?"

"एक इंच."

"आणि जुन्या टेपने कापला असता तर?"

निरीक्षकांनी बोटांवर मोजून पाहिलं. "तिचे चाळीस म्हणजे… एक्केचाळीस," ते म्हणाले. "नीट बसला असता."

"शाब्बास!" लेक म्हणाली आणि हसली. तेच ते हसू, जे इतके दिवस त्यांनी ओले रुमाल झटकत पाहिलं होतं. निरीक्षकांना शाब्बास कोणी म्हटल्याला तीस वर्षं झाली असतील. त्यांचे कान लाल झाले. ते उठले आणि सगळ्यांसमोर मास्तरांना म्हणाले, "मास्तर, हात तुमचा गेला नाही. चूक माझी आहे."

लोक हळूहळू पांगले. पोटं ज्याची त्याने आपापल्या घरी नेली.

उरले नऊ कोट, एक पँट, एक शर्ट आणि एक सफारी. मास्तर चांगले कारागीर असल्यामुळे प्रत्येक शिवणीत त्यांनी आत कापड सोडलेलं होतं. फक्त वहीतलं एकूण एक माप नव्याने काढायचं आणि तेवढी शिवण सोडवायची होती. लेक वही घेऊन बसली. मास्तर मशीनवर बसले. निरीक्षकांच्या हातात मास्तरांनी उसवायची सुई दिली. आयुष्यभर सील लावणारा माणूस शनिवारची संध्याकाळ आणि रविवारची सकाळ टाके सोडत बसला.

"ढोलवाल्याची कंबर छत्तीस," लेक म्हणाली. "चाळिसाला एक, म्हणजे छत्तिसाला एकाला थोडं कमी."

"थोडं कमी?" निरीक्षकांना राहवेना. "थोडं कमी हे काय माप आहे? शून्य दशांश नऊ!"

"बाबा, मला करू द्या ना!"

"पूर्ण एक धरू साहेब," मास्तर म्हणाले. "ढोलवाला जेवून येणार आहे."

लेक दोरा आणायला घरी गेली तेव्हा निरीक्षकांनी इतके दिवस मनात ठेवलेला प्रश्न एकदाचा विचारला. "मास्तर, खरं सांगा. तुम्ही तिला शिकवता तरी कसं?"

"मी?" मास्तरांनी मशीन थांबवलं. "साहेब, तेच मी त्या दिवशी सांगत होतो. मला कुठली येतात गणितं? सातवीला आगगाडी आणि पुलाचं उदाहरण आलं. गाडी पुलावरून गेली, मी राहिलो तो राहिलोच. ताई येते, उदाहरण वाचते आणि मला समजावते. मग विचारते, काका, कळलं? मी म्हणतो, नाही. ती पुन्हा समजावते. तिसऱ्यांदा कळतं मला. दुधाचं असलं तर चौथ्यांदा."

"मुद्दाम करता?"

"नाही हो! खरंच नाही कळत."

निरीक्षकांनी दोन टाके सोडले. "मग ती मला का नाही समजावत?"

"मी विचारलं होतं तिला. साहेब, राग मानू नका. म्हणाली, बाबांना सगळं आधीच येतं, त्यांना काय सांगणार?"

निरीक्षकांनी सुई खाली ठेवली. मग पुन्हा उचलली, कारण डोळे कुठेतरी लावायला हवे होते. जी गोष्ट त्यांच्याकडे नव्हती म्हणून ते महिनाभर जळत होते, ती समोरच्या माणसाकडे नुसती भरपूर होती, आणि ती होती न कळणं.

रविवारी दुपारी बँड वाजला. ट्रम्पेटचा आवाज अख्ख्या गल्लीला ऐकू आला आणि बटणं जागच्या जागी राहिली. संध्याकाळी लेकीने दप्तर उघडलं. उद्या परीक्षा. ती वही छातीशी धरून दाराशी गेली. निरीक्षक टेबलाशी बसून होते. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं नव्हतं.

"मी जाऊन येते," ती म्हणाली.

"जा. पण एक विचारू?" निरीक्षकांनी घसा खाकरला. "ते टेपचं. काल मी उत्तर बरोबर दिलं खरं. पण टेप लांब, तर तिच्यावर माप कमी का भरतं, हे अजून डोक्यात बसत नाहीये. मला सारखं वाटतं, लांब टेप म्हणजे माप जास्त."

लेकीने मान तिरकी करून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. "नाटक करताय?"

"नाही गं. काल रात्री दोनदा उठून पट्टी घेऊन बसलो होतो. आईला विचार."

"बसले होते," बायको आतून म्हणाली. "माझी कंबर मोजत होते झोपेत."

लेक दारातून परत आली. तिने खुर्ची ओढली, वडिलांच्या शेजारी अगदी चिकटून बसली आणि खडूची पेटी काढली. "सोप्पं आहे, बाबा. समजा, तुमचं पाऊल मोठं आहे आणि माझं लहान. ही खोली कोणाच्या पावलांनी जास्त भरेल?"

"माझ्या," निरीक्षक म्हणाले.

"चूक!" लेक आनंदाने ओरडली. "उठा. चालून बघा."

निरीक्षक उठले आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टाचेला टाच लावून चालू लागले. त्यांच्यामागून लेक मोजत निघाली. ते अर्ध्यावर असताना दार वाजलं. दारात टेलरमास्तर उभे होते. हातात शिवणकाम नव्हतं, माप नव्हतं, यायचं काही कारणच नव्हतं.

"नाही, म्हटलं ताई आज आली नाही," मास्तर आत डोकावत म्हणाले. "दुकान उघडं ठेवलं होतं. उद्या परीक्षा, आणि ते दुधाचं मला अजून…" त्यांची नजर लेकीच्या हातातल्या खडूवर गेली, मग भिंतीपाशी एका पावलावर तोल सावरत उभ्या असलेल्या निरीक्षकांवर गेली, आणि त्यांचा चेहरा उतरला. हसायचा प्रयत्न त्यांनी केला, पण तो जमला नाही.

निरीक्षकांनी तो चेहरा लगेच ओळखला. महिनाभर रोज सकाळी दाढी करताना त्यांनी तो आरशात पाहिला होता.

"या मास्तर, बसा," ते म्हणाले. "पण मध्ये बोलायचं नाही. न कळण्यात आज पहिला नंबर माझा आहे."